घर स्टेशनजवळ, माणूस स्टँडवर

सरकारनं कंपास उचलला, त्याचं टोक मेट्रोच्या स्टेशनवर रोवलं आणि ५०० मीटरचं वर्तुळ काढलं. या वर्तुळात उंच बांधा, असा हुकूम झाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी हे कंपासकाम २०१९ मध्ये झालं. पुण्यात पहिल्यांदा मेट्रोच्या सबंध मार्गाच्या दोन्ही अंगांना पट्टा द्यायचा विचार होता. मग पट्ट्याची वर्तुळं झाली. या योजनेला 'टीओडी' म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे, मतलब छोटा: लोकांनी स्टेशनजवळ राहावं, चालत स्टेशनवर जावं, मेट्रोत बसावं आणि रस्त्यावरची गाड्यांची गर्दी कमी करावी.

मतलब चांगला आहे. उंच इमारत बघून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. माझा सवाल एवढाच, की स्टेशनजवळ राहायचं ते कोणत्या लोकांनी?

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत बसून पुण्याच्या वर्तुळात नाक कशाला खुपसायचं, असं कुणी विचारील. बेंबळीत मेट्रो नाही, साधी रेल्वेही नाही; कुठं जायचं तर एसटी, नाहीतर काळीपिवळी. पण आमच्या गल्लीगल्लीतलं कुणी ना कुणी पुण्यात आहे. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी साईटवर सेंट्रिंगला, कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन, कुणी सदाशिव पेठेत एमपीएससीच्या नादाला. पुण्यातली उंच इमारत आमची माणसं बांधतात, बांधून झाली की आमचीच माणसं राखतात, फक्त तिच्यात राहत नाहीत. त्यामुळे पुण्याच्या घरभाड्याचा विषय आमच्या पारावर सोयाबीनच्या भावाच्या खालोखाल निघतो.

एफएसआय म्हणजे काय, हे आता पारावरही सांगावं लागत नाही. तरी हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एफएसआय १ असेल तर तेवढंच बांधकाम. ४ असेल तर त्याच गुंठ्यावर ४,३५६ फूट. जमीन तीच, आभाळ चौपट. शेतकऱ्याला हे गणित लगेच कळतं, कारण त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या याच्या उलट चाललंय: जमीन तीच, भाऊ चार, वाटणीला पाव.

मात्र हे चौपट आभाळ वर्तुळातल्या सगळ्यांना नाही. नियमावलीत त्याचा तक्ता आहे. समोरचा रस्ता जितका रुंद आणि प्लॉट जितका मोठा, तितका एफएसआय जास्त. ४ हा आकडा रुंद रस्त्यावरच्या ऐसपैस प्लॉटवाल्यांसाठी. छोट्या प्लॉटला त्याहून कमी. आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद बोळात ज्याचं घर, त्यानं वर्तुळात राहून वर्तुळ बघत बसायचं. रस्ता रुंद हवा याला कारण आहे; आगीचा बंब आत शिरला पाहिजे, ड्रेनेजला जागा पाहिजे. ते मान्य. पण पुण्याच्या पेठांत नऊ मीटर रस्ता शोधायला निघालात तर आधी मंडईत चहा घेऊन निघा. महापालिकेनं २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटरचे करायचा ठराव आणला होता. रस्ता आधी कागदावर रुंद होतो, त्याच्या जोरावर इमारत आभाळात जाते, आणि खाली दूधवाला मात्र सहा मीटरमध्येच मोटारसायकल वळवत राहतो.

हा तक्ता बघितला आणि मला आपल्याकडचा दुसरा एक तक्ता आठवला. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपला जिल्हा मिळून ५२ गावं जागची हलवून नव्या जागी वसवली. नवं घर किती फुटांचं द्यायचं? घरात माणसं किती, हे बघायचं का? छे. जमीन किती ते बघायचं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट. त्यापुढं सात हेक्टरपर्यंत ४५०. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपानं घर पाडताना सातबारा बघितला नव्हता. सरकारनं घर देताना बघितला.

तेव्हा आडवं बांधलं, आता उभं बांधतात, एवढाच फरक. ज्याच्याकडे जास्त, त्याला जास्त, हे सूत्र दोन्हीकडं सारखंच. किल्लारीला निदान भूमिहीनाच्या नावावर २५० फूट लागले. पुण्याच्या वर्तुळातल्या भूमिहीनाला, म्हणजे भाडेकरूला, तक्त्यात ओळसुद्धा नाही. त्याला 'रिकामं करून द्या' म्हणून नोटीस असते.

* * *

नियम निघाला की पहिली इमारत उभी राहायच्या आधी भाव उभा राहतो. आपल्याकडं हायवेच्या वेळी हे सगळ्यांनी बघितलंय. मोजणीचे दगड रोवायच्या आधी रस्त्याकडेची जमीन चढलेली असते, आणि चढायच्या आधी ती कुणीतरी घेऊन ठेवलेली असते. ते 'कुणीतरी' कुठून माहिती काढतं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्यात प्लॉटमालकाला कळलं की इथं चौपट बांधता येतं, की तो चौपट बांधकामाचाच भाव सांगतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. मग बिल्डर वाढीव एफएसआयसाठी रेडीरेकनरच्या हिशेबानं सरकारी प्रीमियम भरतो. त्यातला वाटा मेट्रोला जातो. मालकाचं भागलं, महापालिकेचं भागलं, मेट्रोचं भागलं. बिल्डर काही धर्मशाळा चालवत नाही. मग हे सगळं वसूल कुणाकडून व्हायचं? फ्लॅट घेणाऱ्याकडून. स्टेशनजवळ भरपूर घरं बांधून घरं आवाक्यात आणायची होती. ती आवाक्याबाहेर न्यायला चौघांनी हात लावला, आणि चौघांनीही नियम तंतोतंत पाळला.

केंद्राच्या २०१७ च्या टीओडी धोरणात परवडणाऱ्या घरांसाठी किमान ३० टक्के वाटा ठेवायला सांगितलंय. वाचून बरं वाटतं. आता परवडणारं म्हणजे किती? जीएसटीवाल्यांच्या लेखी ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं. २०२५-२६ सालचा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. भागाकार करा: एका परवडणाऱ्या घराला ८४५ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल पडलं तर जवळपास १०६ एकरांचं पीक, तेही बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं फुकटात झालं असं धरून, आणि बाजारात हमीभावच मिळाला असं धरून. शेवटचं वाक्य वाचून अडतीतली माणसं हसतील. हसू द्या, महिनाभरात तेवढाच विरंगुळा.

राज्याचा आणखी एक नियम आहे, २०१३ पासूनचा. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बांधायचं असेल तर वीस टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची; ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. नियम चांगला. पण या नियमापासून शहरांतल्या जमिनींना एक कला अवगत झाली: मोजणीला ४,००० च्या जराशा आत भरायची. मोठा प्लॉट असेल तर त्याचे तुकडे पाडायचे. आमच्याकडं भावकीत जमिनीचे तुकडे पडले तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. शहरातल्या तुकड्याला आर्किटेक्ट मिळतो.

* * *

सदाशिव पेठेत घनता म्हणजे काय ते बघायचं असेल तर नगररचनेचं पुस्तक नको. कुठल्याही जुन्या वाड्याच्या जिन्यावरची पाटी वाचा: 'कॉट बेसिसवर जागा मिळेल'. एका खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येक कॉटवर एक पोरगा, कॉटखाली ट्रंक, ट्रंकेत धाराशिव, बीड, नांदेड, परभणी. सरकारला एफएसआय ४ करायला अधिसूचना लागली, हरकती-सूचना लागल्या. पेठेतल्या घरमालकानं एका खोलीचा 'चार' कधीच करून ठेवलाय, प्रीमियम न भरता.

गमतीत सांगतोय, पण मुद्दा गमतीचा नाही. ही पोरं आजच मेट्रोपासून चालण्याच्या टप्प्यात राहतात. त्यांच्याकडं मोटारी नाहीत, पार्किंग लागत नाही, पाणीही बेताचं लागतं. टीओडीवाल्यांना जसा नागरिक हवा, तसा अस्सल नमुना. आता वाडा पाडून तिथं बारा मजले उभे राहिले की या नमुन्याचं काय होतं? नव्या सोसायटीचा पहिला ठराव: बॅचलरना जागा देऊ नये. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोन ज्येष्ठ नागरिक आणि एक देवघर. शेजारचा फ्लॅट गुंतवणुकीचा, म्हणून कुलूप. त्याच्या वरच्याचा मालक परदेशात, गणपतीला येतो, जमलं तर. मजले वाढले, माणसं घटली. एफएसआय चौरस फूट मोजतो. डोकी मोजणारा तक्ता मात्र अजून कुणी केलेला नाही.

छोटी घरं बांधायला नियमानं लावता येतं. छोट्या माणसाला विकायला कोण लावणार? छोटा फ्लॅट मोठा माणूस घेतो, दोन-तीन घेतो, आणि भाड्यानं देतो. भाडं कुणाला परवडतं, तर ज्याला स्टेशनची गरज सगळ्यांत कमी.

माझा एक भाचा रामवाडीच्या अलीकडं खोली घेऊन राहायचा. मार्च २०२४ मध्ये रूबी हॉलच्या पुढं रामवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली. मी फोनवर विचारलं, "मेट्रो जवळ आली का रे?"

"आली मामा. मीच लांब गेलो."

खोलीचं भाडं वाढलं आणि तो वाघोलीला सरकला. आता सकाळी पीएमटीच्या दारात लोंबकळत रामवाडीला येतो, तिथनं मेट्रो धरतो. जून २०२५ मध्ये केंद्रानं रामवाडी ते वाघोली मेट्रोलाही मंजुरी दिली. मला वाटलं, पोरगं खूश असेल. म्हटलं, "आता तर मेट्रोच तुझ्या मागं येतेय."

"हां मामा. म्हणून आत्ताच शिक्रापूरला खोली बघतोय."

आता मेट्रो भाच्याच्या मागं लागलीय की भाचा मेट्रोच्या पुढं पळतोय, हे महामेट्रोनं ठरवावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मार्गालाही मंजुरी मिळालीय. हडपसर म्हणजे सोलापूर रोडनं येणाऱ्या आपल्या लोकांचं पुण्यातलं पहिलं ठाणं. तिथल्यांनी मांजरी, लोणी, उरुळी कांचन या क्रमानं बोचकी बांधायला हरकत नाही. या हिशेबानं दोन-तीन मार्ग आणखी मंजूर झाले की मंडळी परत बेंबळीतच पोचतील.

ज्यांच्याजवळ मेट्रो गेली नाही त्यांनाही सरकार विसरलेलं नाही. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर किमतीच्या एक टक्का मेट्रोचा अधिभार आहे. वर्तुळातल्यांनाच असं नाही, सगळ्या शहराला. उंड्रीत ४० लाखांचा फ्लॅट घेतलात तर मेट्रोचे ४०,००० रुपये दस्त नोंदवतानाच भरायचे. मेट्रोचा खांब तिथून दिसत नसला तरी. मेट्रो ही सगळ्यांची, म्हणून पैसे सगळ्यांनी द्यायचे, हे पटण्यासारखं आहे. मग स्टेशनजवळचं घर तेवढं सगळ्यांचं का नाही, हे विचारलं की साहेब दुसरा फोन घेतात.

* * *

स्टेशनजवळच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीत दोन ओळी हमखास सापडतात. वर: 'मेट्रोपासून पाच मिनिटं'. खाली: 'प्रत्येक फ्लॅटला दोन कव्हर्ड कार पार्किंग'. मेट्रो दाराशी आहे तर दोन मोटारी कशाला, असं विचारू नये. मोटारी मेट्रो बघायला ठेवलेल्या असतात. खालचे तीन-चार मजले मोटारींचे, माणसं त्यांच्या डोक्यावर. मुंबईत चाळीतल्या माणसाला पहिल्या मजल्यावर जागा मिळाली तरी तो नशीबवान होता. पुण्यात पहिल्या मजल्याचं नशीब मोटारीचं.

आणि पाच मिनिटं कुणाच्या पायांची? नकाशावरचं वर्तुळ हवाई अंतर मोजतं. डेक्कन आणि संभाजी उद्यानाची स्टेशनं नदीच्या काठाला. पलीकडच्या शनिवार-नारायण पेठांतून तिथं यायला पादचारी पुलांची वेगळी योजना करावी लागली, कारण कंपासाला नदी दिसत नाही. नदी नसेल तिथं फुटपाथ दिसत नाही. असलाच तर त्यावर डीपी, वडापाव, पोलिसांचं बॅरिकेड आणि वाढदिवसाचा फ्लेक्स, या क्रमानं. सत्तर वर्षांच्या बाईनं पाचशे मीटर चालत स्टेशन गाठलं तर तिला तिकिटाऐवजी शिवछत्रपती पुरस्कार द्यावा.

अंतर लपवायची ही विद्या आमच्या भागाला जुनी आहे. लाईट रेलसुद्धा जुनी आहे. जगातली शहरं आज तिचं कौतुक करतात, आमच्याकडं त्या नावाची गाडी १८९७ साली आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं लंडनमध्ये कंपनी काढली आणि अडीच फुटी रुळांवर बार्शी लाईट चालवली. आधी बार्शी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ च्या जानेवारीत सरकारनं ती ताब्यात घेतली. चालत्या गाडीतून उतरून, शेतातल्या चार शेंगा उपटून, पुन्हा त्याच गाडीत बसता यायचं, असं म्हातारी माणसं सांगायची. त्या गाडीची मूळ सुरुवात जिथून, त्या स्टेशनचं नाव बार्शी रोड. म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शी तिथून चौतीस किलोमीटर. तसाच कळंब रोड, तसाच लातूर रोड. लातूर रोडला उतरून लातूरचा पत्ता विचारलात तर लोक आधी तुम्हाला पाणी देतात. पाटीवर 'रोड' दिसला की गाव अजून लांब आहे असं समजायचं. रेल्वेवाल्यांनी निदान ते पाटीवर लिहिलं. आमचे बिल्डर 'मेट्रो टच' लिहितात.

बार्शी लाईटच्या स्टेशनाभोवती कुणी कंपास फिरवला नव्हता. तरी लातूरची आडत तिच्या जिवावर फोफावली, बार्शीचा व्यापार वाढला. मालक, मुनीम, हमाल, सगळे चालत कामावर येतील एवढ्या अंतरात राहायचे. दुसरा इलाजच नव्हता. आमचं धाराशिव मात्र त्या रुळांच्या बाजूला पडलं. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठं एकविसाव्या शतकात शहरानं गाडी बघितली.

आता जगाकडं बघू, म्हणजे लेख विद्वत्तापूर्ण वाटेल. कॅलिफोर्नियात भानगड उलटी. तिथं स्टेशनाच्या बाजूला बंगलाच बांधायचा, असे नियम वर्षानुवर्षं होते. २०२५ मध्ये राज्यानं कायदा केला, की रेल्वे आणि मोठ्या बसमार्गांच्या स्थानकांजवळ बहुमजली घरं अडवायची नाहीत. बंगलेवाले चिडले. सावली पडेल, परिसराचं सौंदर्य जाईल, असं त्यांचं म्हणणं. कोथरूडकरांना हे युक्तिवाद ओळखीचे वाटतील. तिथं मनाई हा रोग होता, म्हणून परवानगी हे औषध झालं. आपल्याकडं परवानगी कधी बंद नव्हती, ती विक्रीला होती. औषधाचं नाव तेच ठेवून आपण तिचा भाव तेवढा वाढवला.

हाँगकाँगची रेल्वे कंपनी स्टेशनवरच्या जागेत घरं आणि दुकानं उठवते आणि त्या कमाईत रेल्वे चालवते. आपल्याकडचे अधिकारी त्या मॉडेलचं फार नाव घेतात. त्यांनी कमाईचं पान मन लावून वाचलंय. त्याच शहरात निम्म्याच्या आसपास लोक सरकारनं बांधलेल्या किंवा सरकारी सवलतीच्या घरांत राहतात, ते पुढचं पान. दौऱ्यात वेळ कमी असतो, पुढचं पान राहून जात असावं.

कुणी म्हणेल, नुसती टीका करता, उपाय सांगा. सांगतो, फुकट आहे म्हणून कुणी ऐकणार नाही. वाढीव एफएसआयचा प्रीमियम पैशात घेऊ नका, घरांत घ्या. चार मजले वाढवून हवेत? एक मजला महापालिकेला द्या. तो विकायचा नाही, भाड्यानंच द्यायचा, आणि कॉट बेसिसवरच्या पोरांना, नर्सबाईंना, वॉचमनला द्यायचा. वॉचमन ज्या इमारतीला राखतो त्याच इमारतीत राहिला तर आभाळ कोसळत नाही. झालंच तर रात्रीची राखण बरी होते. छोटे प्लॉट जोडून मोठी जागा करायला सवलत द्या, नुसत्या मोठ्याला मोठं करू नका. आणि वर्तुळात मोटारीचं पार्किंग सक्तीचं न करता महाग करा. ज्याला दोन मोटारी ठेवायच्या आहेत त्यानं खुशाल वर्तुळाबाहेर राहावं. त्याला पेट्रोल परवडतं.

हे पुण्यात होईल असं मला वाटत नाही. पुण्याचा डाव मांडून झालाय.

पण आपल्या जिल्ह्याचा डाव अजून मांडायचाय. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग व्हायचाय. निम्मा खर्च राज्यानं उचलायचं मान्य केलंय. तुळजापूरला पहिल्यांदाच गाडी येईल. भवानीच्या दर्शनाला लाखो माणसं येतात, तेव्हा स्टेशनाभोवती हॉटेलं, लॉज, दुकानं उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आराधी, पूजेचं साहित्य विकणाऱ्या बायका, रिक्षावाले, हॉटेलात भांडी घासणारी पोरं कुठं राहणार, हे मात्र आत्ताच ठरवलं तर ठरेल. स्टेशन झाल्यावर ठरवू म्हणाल तर ते सगळे तुळजापूर रोडला राहतील. असं स्टेशन अजून नाही, पण काढावं लागेल.

खेड्यांनाही कायद्यानं एक छोटं वर्तुळ दिलंय. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक आराखड्यात विकासयोग्य असेल तर वेगळ्या बिनशेती परवानगीची यातायात नाही. त्यामुळे आमच्याकडंही हल्ली पत्रकं फिरतात. रंगीत, मागं विमान, पुढं सुटाबुटातलं हसरं कुटुंब, त्यात एकही ओळखीचा चेहरा नाही. मागच्या आठवड्यात बाजारात एकानं असंच पत्रक माझ्या हातात दिलं: रेल्वेलगत प्लॉट, सुलभ हप्ते.

म्हटलं, "अहो दादा, रेल्वे बेंबळीवरून जातच नाही."

"आज नाही जात," तो म्हणाला. "म्हणून तर भाव आजचा लावलाय."